ताप उतरला, पण सांधे का दुखतात?

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपल्याकडे म्हणतात. चिकुनगुन्या होऊन गेलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. ताप तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात उतरतो. पण सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, पाऊल जमिनीवर टेकवताना घोटा ठणकतो, फळ्यावर चार ओळी लिहिल्या की मनगट भरून येते. हे काही आठवडे चालते. काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. एक म्हणतो, "पडून राहा, सांध्यांना आराम द्या." दुसरा म्हणतो, "बसून राहिलात तर सांधे आखडतील, चालते-फिरते राहा." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. पंचाईत अशी, की कोणते अर्धे कधी खरे हे दोघेही सांगत नाहीत. 'दुखते' हा शब्द एकच असला तरी विषाणूच्या आजारानंतरचे दुखणे एका ठिकाणाहून येत नाही. त्याचे निदान चार उगम आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ते चार उगम ओळखता आले, तर आज विसावा घ्यायचा की हालचाल करायची, हे बरेचसे आपले आपल्याला ठरवता येते. म्हणून ते एकेक करून पाहू या.

नावातच वाकणे आहे

१९५२-५३ साली टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण भागातील मकोंडे पठारावर एका विचित्र तापाची साथ आली. रुग्णांचे सांधे इतके दुखत, की ते वाकून चालत. तिथल्या मकोंडे भाषेत 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचे नाव या आजाराला मिळाले, तेच 'चिकुनगुन्या'. नावातल्या 'चिकन'चा कोंबडीशी काही संबंध नाही. रॉबिन्सन आणि लम्सडेन या दोघांनी १९५५ साली या साथीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

भारतात हा विषाणू प्रथम १९६३ मध्ये कलकत्त्यात सापडला. १९६५ मध्ये नागपुरात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली. त्यानंतर सुमारे तीस वर्षे तो आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सुमारे २ लाख ६६ हजार लोकांना त्याची लागण झाली. म्हणजे बेटावरच्या दर तिघांपैकी एकाहून जास्त लोकांना. त्याच सुमारास तो भारतातही परतला. २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूर भागांत पुन्हा त्याने डोके वर काढले.

या आजारात मृत्यू क्वचित होतात, म्हणून त्याकडे 'किरकोळ ताप' म्हणून पाहिले जाते. पण हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. खुरपणी करणाऱ्या बाईची मूठ दोन महिने वळली नाही, तर दोन महिन्यांची मजुरी बुडते.

पहिला उगम : दाह

कोणताही विषाणू शरीरात शिरला की पेशी इंटरफेरॉन आणि त्याच्यासारखी इतर निरोपी रसायने रक्तात सोडतात. 'शत्रू आला आहे' हा त्यांचा निरोप. या रसायनांमुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होते. ते मेंदूतल्या तापमान-नियंत्रक केंद्राला तापमान वाढवायला लावते आणि स्नायू व सांध्यांमधल्या वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंना हळवे करते. एरवी जो ताण आपल्याला जाणवतही नाही, तोच आता दुखतो. फ्लूमध्ये अंग मोडून येते ते यामुळेच. फ्लूचा विषाणू मुख्यतः घशात आणि श्वासमार्गात असतो, तरी पाय दुखतात! म्हणजे बहुतेक वेळा स्नायू दुखतात ते विषाणूच्या हल्ल्यापेक्षा आपल्याच बचावाच्या धावपळीमुळे.

चिकुनगुन्याचे मात्र थोडे वेगळे आहे. हा विषाणू सांध्यांत आणि स्नायूंत खरोखरच शिरतो. पेशीच्या पृष्ठभागावर 'एमएक्सआरए-८' नावाचे एक प्रथिन असते. या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी ते दाराच्या कडीसारखे उपयोगी पडते, असे २०१८ मध्ये दिसून आले. सांधे, स्नायू, त्वचा यांमधल्या जोडऊतींच्या पेशींवर हे प्रथिन असते. मग त्या जागी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गोळा होतात. सांध्याच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असते, ते सुजते. निरोगी गुडघ्यात जेमतेम काही मिलिलिटर वंगणद्रव असतो, तो वाढतो. सांधा फुगतो, गरम लागतो, आखडतो.

रक्तातला विषाणू साधारणपणे आठवड्याभरात नाहीसा होतो, कारण तोवर प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. मग सांध्यातला दाह का रेंगाळतो? याविषयी संशोधकांमध्ये अजून चर्चा चालू आहे. रियुनियनमधल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अंश सापडले होते. उलट कोलंबियातल्या ३८ रुग्णांच्या सांध्यांतला द्रव सुमारे दोन वर्षांनी तपासला, तेव्हा त्यात विषाणू मिळाला नाही. सांधे मात्र दुखतच होते. बहुधा विषाणू गेल्यावरही त्याचे उरलेसुरले तुकडे, किंवा एकदा चेतवली गेलेली प्रतिकारयंत्रणा, दाह चालू ठेवत असावी.

डॉक्टर या आजाराचे तीन टप्पे करतात. पहिले तीन आठवडे तीव्र अवस्था, तीन आठवडे ते तीन महिने मधली अवस्था आणि त्यापुढे जुनाट अवस्था. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांचे आकडे वेगवेगळे आहेत. पण ढोबळमानाने, तीन-चार रुग्णांपैकी एकापासून ते दोघांपैकी एकापर्यंत लोकांचे दुखणे तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचते. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढचे लोक, स्त्रिया, सुरुवातीला फार वेदना झालेले आणि आधीपासून सांधेदुखी असलेले यांच्यात हे प्रमाण जास्त आढळते.

दुसरा उगम : अंथरूण

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरी एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. त्यांना कोणताही आजार नव्हता. तीन आठवड्यांनंतर, जोरदार व्यायाम करताना त्यांचे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे मोजले. ती क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी उतरली होती. तीस वर्षांनी, त्याच पाच जणांची पन्नाशीत पुन्हा तपासणी झाली. निष्कर्ष चकित करणारा होता : तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी क्षमता गेली होती, त्याहून जास्त तीन आठवड्यांच्या अंथरुणाने गेली होती! दिलासा एवढाच, की प्रयोगानंतर दोनेक महिने व्यायाम केल्यावर त्या तरुणांनी गमावलेली क्षमता भरून काढली होती.

निरोगी तरुणांची ही गत, तर तापाने खंगलेल्या पन्नाशीतल्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. स्नायू वापरला नाही की त्यात नवीन प्रथिने तयार होण्याचा वेग मंदावतो आणि तो रोडावतो. स्नायू हे सांध्याचे आधार आहेत. मांडीचा स्नायू दुबळा झाला, की जिना उतरताना शरीराचा भार पेलण्याचे काम गुडघ्यावर जास्त पडते आणि गुडघा दुखतो.

यात आणखी एक मेख आहे. निरोगी माणसांच्या गुडघ्यात प्रयोगासाठी २०-३० मिलिलिटर मिठाचे पाणी टोचले, तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूचा गुडघ्याजवळचा आतला भाग मंदावला. तिथे ना जखम होती, ना विषाणू. सांधा फुगल्याची बातमी मज्जारज्जूपर्यंत पोचते आणि तिथून स्नायूला मिळणाऱ्या आज्ञा कमी होतात. म्हणून सुजलेल्या गुडघ्याचा रुग्ण 'पायात जोरच येत नाही' म्हणतो, तेव्हा ते अक्षरशः खरे असते. त्यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही.

सांध्यातल्या कूर्चेचीही अडचण होते. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत, लवचीक थराला रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते मुख्यतः भोवतालच्या वंगणद्रवातून. सांध्यावर दाब पडला की कूर्चेतला द्रव बाहेर येतो, दाब सुटला की ताजा द्रव आत शिरतो. पाण्यातला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसे. सांधा हलायचाच थांबला, की ही देवघेव मंदावते. भोवतालचे अस्थिबंध आणि स्नायूंची आवरणेही आखूड आणि ताठर होऊ लागतात.

म्हणजे ज्या विश्रांतीने पहिल्या आठवड्यात आराम पडतो, तीच विश्रांती पुढे लांबली तर नव्या दुखण्याला जन्म देते.

तिसरा उगम : पुन्हा कामाला लागणे

तीन आठवडे पडून काढल्यावर माणूस कंटाळलेला असतो. एक दिवस जरा बरे वाटते. साचलेली कामे दिसत असतात. मग तो एकाच दिवशी बादल्या भरतो, कपडे धुतो, बाजार करतो. दुसऱ्या दिवशी अंग असे दुखते, की आजार उलटला असे वाटावे.

पुष्कळदा आजार उलटलेला नसतो. सवय नसलेले काम केल्यावर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती दुरुस्त होताना दुखते. शाळेत सुट्टीनंतर पहिल्यांदा कवायत झाली की दुसऱ्या दिवशी मुलांच्या पोटऱ्या दुखतात, तोच हा प्रकार. त्याची खूण म्हणजे ते दुखणे कामाच्या वेळी नसते; एक ते तीन दिवसांनी सर्वांत जास्त असते आणि मग आपोआप ओसरते. जिना चढण्यापेक्षा उतरल्यावर ते जास्त जाणवते. कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. 'स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते म्हणून दुसऱ्या दिवशी दुखते' असे अजूनही सांगितले जाते. पण हे आम्ल व्यायामानंतर तास-दीड तासातच स्नायूंतून निघून जाते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही.

आजारातून उठलेल्या माणसाला हे दुखणे अगदी थोड्या कामानेही होते, कारण त्याच्या स्नायूंची 'सवय' तीन आठवड्यांत बरीच मोडलेली असते.

चौथा उगम : जागी राहिलेली यंत्रणा

घरात एकदा चोरी झाली, की नंतर कित्येक दिवस पान हलले तरी आपल्याला जाग येते. चोर गेलेला असतो, पण कान टवकारलेलेच राहतात. वेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेचेही काही वेळा असे होते. आठवडेच्या आठवडे सांध्यांकडून वेदनेचे संदेश येत राहिले, की मज्जारज्जू आणि मेंदूतले चेतापेशींचे जाळे अधिक संवेदनशील होते. मग सूज उतरल्यावरही साधा स्पर्श, थंड वारा, थोडासा ताण यांनी दुखते. झोप नीट न होणे आणि काळजी ही संवेदनशीलता वाढवतात.

अशा रुग्णाचा सांधा बाहेरून चांगला दिसतो. रक्ताची तपासणी चांगली येते. मग घरचे म्हणतात, "आता काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत." हे म्हणणे चुकीचे आहे. वेदना खरी असते. फक्त तिचा उगम सांध्यातून चेतासंस्थेकडे सरकलेला असतो. चांगली झोप, ठराविक वेळापत्रक, हळूहळू वाढणारी हालचाल आणि 'दुखते म्हणजे सांधा झिजतोच आहे असे नाही' ही समज यांचा इथे गोळ्यांइतकाच उपयोग होतो.

कोणते दुखणे कोणते?

चार उगम एकाच शरीरात एकाच वेळी असू शकतात. तरीही पुढच्या खुणांवरून बराच अंदाज येतो.

सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात, सांधा गरम आणि सुजलेला आहे, बसून राहिल्यावर वाढते आणि थोडे हलल्यावर कमी होते, असे असेल तर दाह चालू आहे. सांध्याला सूज नाही, पण काम करताना लवकर थकवा आणि कापरे येते, असे असेल तर दुबळेपणा मुख्य आहे. नव्या कामानंतर एक-दोन दिवसांनी स्नायूंच्या मधल्या भागात दुखते, दाबल्यावर कळ येते, आणि चौथ्या दिवशी कमी होते, तर ती श्रमाची दुखण आहे. सूज नाही, श्रमही नाहीत, पण जागा बदलत दुखते आणि झोप बिघडली की वाढते, तर चेतासंस्था जागी राहिली आहे.

व्यायामाचे माप जुळले की नाही, हे ठरवायला सांधेदुखीवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट एक सोपा नियम सांगतात. हालचालीनंतर थोडे दुखले तर चालेल. पण वाढलेले दुखणे दोन तासांत पूर्ववत झाले पाहिजे. दोन तासांनंतरही सांधा जास्त ठणकत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली असेल, तर माप जास्त झाले. अशा वेळी व्यायाम बंद करू नये, निम्मा करावा.

पायरी-पायरीने

तापाच्या दिवसांत विश्रांतीच हवी. मात्र दिवसातून तीन-चार वेळा प्रत्येक सांधा हलकेच, जमेल तेवढा वाकवावा आणि सरळ करावा. उशी गुडघ्याखाली सतत ठेवू नये. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. गरम, सुजलेल्या सांध्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी.

ताप गेल्यावर दुसरी पायरी. सकाळचा ताठरपणा घालवण्यासाठी दहा मिनिटे कोमट पाण्यात हात-पाय बुडवावेत आणि पाण्यातच बोटे, मनगटे, घोटे फिरवावेत. सांधा न हलवता स्नायूला काम देण्याचे व्यायाम आता करता येतात. पाय सरळ ठेवून गुडघ्याखालची घडी खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चालावे. एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा ते बरे.

सूज उतरू लागली की तिसरी पायरी, ताकदीची. ओला स्पंज पिळणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, एक पायरी चढणे-उतरणे. आज पाच वेळा जमले तर तीन-चार दिवस पाचच ठेवावे, मग सहा-सात करावे. वेळ, वजन आणि वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. ब्राझीलमध्ये चिकुनगुन्याच्या जुनाट दुखण्याच्या तीसेक रुग्णांवर झालेली एक छोटी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका गटाला १२ आठवडे रबरी पट्ट्या ताणण्याचे व्यायाम दिले होते. त्या गटाची खुर्चीतून उठ-बस करण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुधारली आणि दुखणेही कमी झाले.

या काळात घरकामाची पद्धत थोडी बदलली तर सांध्यांवरचा ताण पुष्कळ वाचतो. कपडे पिळू नयेत, निथळत टांगावेत. बादली अर्धी भरावी. पातेले दोन्ही हातांनी उचलावे. विळीवर उकिडवे बसण्याऐवजी ओट्याशी उभे राहून सुरी वापरावी. लाटण्याला आणि पेनाला कापड गुंडाळून जाड करावे. जाड वस्तू धरायला बोटे कमी आवळावी लागतात. अर्थात हे सगळे घरातल्या इतरांनी कामे वाटून घेतली तरच शक्य होते. आजारी बाईला 'आराम करा' असे सांगून कणीक मळायला तीच उरत असेल, तर त्या सल्ल्याला अर्थ नाही.

सावधगिरी

वरच्या पायऱ्या सगळ्यांना लागू पडत नाहीत. काही विषाणूजन्य आजारांनंतर, विशेषतः कोविडनंतर, काही लोकांना वेगळाच त्रास होतो. थोड्या श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ते पार गळून जातात. अंगदुखी, थकवा, डोके जड होणे हे सगळे एकदम वाढते आणि दिवसेंदिवस टिकते. आम्सटरडॅममधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा रुग्णांचे स्नायू व्यायामाच्या आधी आणि नंतर तपासले. व्यायामानंतर त्यांच्या स्नायूंतली इजा वाढलेली आणि पेशींतली ऊर्जानिर्मिती घटलेली आढळली. अशा रुग्णांना 'रोज थोडे वाढवा' हा नियम लावू नये. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये, दीर्घ थकव्याच्या अशाच एका आजारासाठी, ठरलेल्या मापाने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. त्यांनी आपल्या शक्तीची मर्यादा ओळखून तिच्या आतच राहायचे असते.

औषधांबाबतही सावध राहावे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच जातीच्या डासांमुळे पसरतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके घेऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका असतो. तोवर पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घ्यावे. 'एका सुईत सांधे मोकळे' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये. त्या सुईत बहुधा स्टेरॉइड असते. आराम लगेच पडतो, पण असर संपला की दुखणे पुन्हा उसळते, आणि वारंवार घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते. काही रुग्णांना स्टेरॉइड खरोखर लागते, पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचे.

एकच सांधा लाल, गरम होऊन पुन्हा ताप येणे. लघवी कोकमाच्या सरबतासारखी गडद होणे. पायांतली ताकद जाऊन अशक्तपणा वर सरकत जाणे. चालताना छातीत दुखणे किंवा दम लागणे. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले राहणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. पहिल्या चारांसाठी तर त्याच दिवशी जावे.

शाळेत काय करावे?

फ्लूचा ताप उतरत असताना पाच ते दहा वर्षांचे एखादे मूल एकाएकी चालायला नकार देते किंवा चवड्यांवर चालते. त्याच्या पोटऱ्यांना हात लावू देत नाही. फ्लूनंतर मुलांमध्ये पोटऱ्यांच्या स्नायूंचा तात्पुरता दाह होतो, त्याचे हे लक्षण असू शकते. तो बहुतेकदा आठवड्याभरात बरा होतो, पण डॉक्टरांना दाखवावे आणि लघवीचा रंग पाहावा. शाळा बुडवण्यासाठी मूल लंगडते आहे, असे मानू नये.

चिकुनगुन्यातून उठलेल्या विद्यार्थ्याला काही दिवस लिखाण कमी द्यावे किंवा वेळ जास्त द्यावा. तासातून एकदा उठून फिरू द्यावे. जमिनीवर मांडी घालून बसण्याऐवजी बाकावर बसवावे. कवायतीतून नुसती सुट्टी देऊन सावलीत बसवण्यापेक्षा त्याला झेपेल अशी हालचाल द्यावी. हेच सहकारी शिक्षकांनाही लागू आहे. काही आठवडे फळ्यावरचे लिखाण एखाद्या विद्यार्थ्याकडून करून घेता येते.

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर दोन प्रयोग सोपे आहेत. पहिला : सारख्या आकाराचे दोन स्पंज साध्या पाण्यात भिजवा. मग दोन्ही रंगीत पाण्यात ठेवा. एक पाण्यातच दहा वेळा दाबा आणि सोडा, दुसऱ्याला हात लावू नका. एका मिनिटाने दोन्ही बाहेर काढून वेगवेगळ्या पांढऱ्या वाट्यांत पिळा आणि रंगाची तुलना करा. हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या सांध्यातली कूर्चा अशीच असते. दुसरा : मनगट खाली पूर्ण वाकवून हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घट्ट धरा आणि शेजाऱ्याला ती ओढायला सांगा. मग मनगट थोडे मागे वळवून तेच करा. मनगट वाकलेले असताना बोटे वळवणारे स्नायू आधीच आखूड झालेले असतात, म्हणून पकड ढिली पडते. मनगट दुखणाऱ्या माणसाच्या हातून कप का निसटतो, हे मुलांना यावरून समजेल.

घरी कोणी आजारातून उठत असेल, तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या संमतीने एक तक्ता ठेवावा. रोज सकाळी ताठरपणा किती मिनिटे राहिला, दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती, आणि आदल्या दिवशी कोणते काम केले, एवढ्या तीन नोंदी पुरेत. महिन्याभराने त्यांचा आलेख काढावा. रेषा सरळ खाली येणार नाही. ती वर-खाली होत हळूहळू उतरेल. ज्या दिवशी ती उसळली, त्याच्या आदल्या दिवशीचे काम पाहावे. डॉक्टरांकडे जाताना हा तक्ता बरोबर न्यावा. 'अजून दुखते' एवढे सांगण्यापेक्षा त्यांना त्यातून पुष्कळ अधिक कळेल.